उतरताना कळतं

आमच्या घरात होमिओपॅथीची औषधं बोर्नव्हिटाच्या एका जुन्या डब्यात असतात आणि तो डबा सासूबाईंच्या पलंगाखाली. घरात कुणी दोनदा शिंकलं की डबा सरकल्याचा खर्रर्र आवाज येतो. यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलताना तो आला आणि पाठोपाठ आजी-नातीची जुंपली.

लेक विमानात केबिन क्रू आहे; बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते ठिकाण, मुंबई. दोन दिवस सुट्टी मिळाली म्हणून इंदूरला आली होती. खरं तर सकाळच्याच विमानानं परतायची, पण संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. ‘कॉलनीतल्या सगळ्या बायका तुला विचारतात, रात्रीच्या विमानानं जा की,’ असं मीच म्हटलं. म्हणजे मुंबईत अकराला उतरायचं, खोलीवर पोचेपर्यंत बारा, पहाटे साडेतीनला पिकअप आणि पावणेपाचला रिपोर्टिंग. हा हिशेब तेव्हा मी मांडलाच नव्हता. मला फक्त आलेल्या बायकांना वाण द्यायला शेजारी ती उभी हवी होती.

सकाळपासून तिचं नाक गळत होतं. दुपारी आवाज बसला. मग डाव्या कानाला दडे बसलेत म्हणायला लागली. सासूबाईंनी डब्यातून ड्रॉपरची बाटली काढली, अर्ध्या कपात पाणी घेतलं आणि तोंडातल्या तोंडात मोजत दहा थेंब टाकले. लेकीनं कप हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. बाटली उचलली आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून लेबल वाचायला लागली. मुंगीएवढी अक्षरं, त्यावर औषधाचा जुना ओघळ. अंगठा ओला करून तिनं तो पुसला आणि कप खाली ठेवला.

“आजी, ह्यात दारू आहे.”

सासूबाईंना उभ्या ब्याऐंशी वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. लेक त्यांच्या शेजारी पलंगावर बसली आणि समजावत राहिली. ड्युटीच्या आधी नळीत फुंकावं लागतं, यंत्रावर शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्यच यावं लागतं. उड्डाणाआधीच्या बारा तासांत अल्कोहोल चालत नाही. औषधातलं नाही, माउथवॉशमधलंही नाही. यंत्राला दारू कळते, हेतू कळत नाही. पहिल्यांदा सापडलं तरी तीन महिने घरी.

“मग सर्दी झाली तर घ्यायचं काय तुम्ही लोकांनी?”

प्रश्न रास्त होता. सर्दीच्या बहुतेक नेहमीच्या गोळ्यांनी झोप येते. गुंगीत दार कसं उघडणार, नव्वद सेकंदांत विमान रिकामं करायची वेळ आली तर? त्यामुळे स्वतःच्या मनानं गोळी घ्यायची नाही, कंपनीच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि न घेता जावं तर कान.

हे कानाचं प्रकरण मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. कानाच्या पडद्यामागे हवेची एक बारीकशी खोली असते आणि तिथून एक नळी घशाच्या मागे उतरते. विमान कितीही उंचावर असलं तरी आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढा हवेचा दाब ठेवलेला असतो. विमान चढतं तेव्हा बाहेरचा दाब कमी होतो आणि पडद्यामागची जास्तीची हवा त्या नळीतून आपसूक निसटते. सर्दीनं नळी सुजलेली असली तरी निसटते, काही वाटत नाही. उतरताना उलटं. आता हवा आत यायला हवी आणि सुजलेली नळी झडप मिटल्यासारखी मिटून बसते. पडदा आतल्या बाजूला ओढला जातो. दुखतं, आणि कधी कधी रक्तही येतं. आपण प्रवासी एकदा उतरतो, जांभई देतो, थुंकी गिळतो, लहान मूल रडतं आणि ते रडण्यानंच त्याचे कान मोकळे होतात. माझी लेक दिवसाला चार सेक्टर करते. म्हणजे चारदा उतरते.

“आणि आई, गंमत काय माहितीये,” ती नाक चिमटीत धरून, गाल फुगवून कान मोकळा करायच्या खटपटीत होती, “घरून निघताना वाटतं जमेल. टेकऑफला तर अगदी बरं वाटतं. कळतं ते उतरताना. आणि उतरताना घरी जाऊन झोपते म्हणायची सोय नसते.”

उजवा कान ‘टप’ करून उघडला. डावा नाही. तिनं पुन्हा प्रयत्न केला, मान हलवली.

आणि मी तिची आई काय म्हणाले? “अगं, साधी सर्दीच आहे ना?”

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं याचं मला नवल नाही. मी बँकेत एकतीस वर्षं काढली. एका मार्च एंडिंगला १०२ ताप असताना कॅशवर बसले होते. संध्याकाळी कॅश पैशाला पैसा जुळली. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, वडापाव मागवले. ही गोष्ट लेकीला मी निदान वीसदा ऐकवली आहे. माझ्या तापात माझ्याशिवाय कुणाचा जीव टांगलेला नव्हता, एवढा तपशील मात्र कधी सांगितला नाही. (आणि दुसऱ्या दिवशी शेजारची दोन माणसं तापानं पडली, तोही नाही.) आपल्याकडे अंगावर काढणं हा गुण आहे. ‘एक दिवस रजा नाही घेतली’ हे निरोपसमारंभाच्या भाषणात शालीबरोबर हमखास येतं.

तिच्या नोकरीत नियमच उलटा. विमान चालवणाऱ्यानं स्वतःची तब्येत बिघडल्याचं जाणवलं तर लायसनचा वापर करायचा नाही, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. प्रमाणपत्र खिशात असलं तरी. डॉक्टर वर्षाकाठी तपासणार, आजची सकाळ तपासायची ज्याची त्यानं. ट्रेनिंगमध्ये त्यांना त्यासाठी ‘आय एम सेफ’ शिकवतात, एकेका इंग्रजी अक्षराचा एकेक प्रश्न: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, आणि शेवटच्या अक्षराला कुणी भावना म्हणतं, कुणी खाणं. मला खाणं पटतं. पण ‘मी उडायला योग्य आहे का’ याचं उत्तर ज्यानं द्यायचं, त्याच्याच डोक्यात ताप असतो, ही यातली खरी अडचण.

अमेरिकेतल्या एका अपघाताबद्दल तिला शिकवलं होतं, ते तिनं मला मागे कधीतरी फोनवर सांगितलं होतं. १२ फेब्रुवारी २००९, न्यूअर्कहून बफेलोला निघालेलं छोटं विमान पोचायच्या जरा आधी कोसळलं. आतली ४९ आणि ज्या घरावर पडलं तिथला एक, अशी पन्नास माणसं गेली. सहवैमानिक चोवीस वर्षांची मुलगी. घर देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिअॅटलजवळ. रात्रभर विमानं बदलत ती नोकरीच्या गावी आली होती, झोप झाली ती अधूनमधून, क्रूच्या बसायच्या खोलीत. सर्दी झालेली. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर तिचं बोलणं आहे: आता आजारी म्हणून कळवलं तर बरं वाटेपर्यंत हॉटेलचा खर्च माझाच. अपघाताचं मुख्य कारण म्हणून चौकशीत कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया पुढे आली. दोघांच्या थकव्याचा नेमका वाटा किती, ते मोजता आलं नाही. थकव्याचं हेच असतं. त्याचा पुरावा मागे राहत नाही. पण त्या अपघातानंतर अमेरिकेनं वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम नव्यानं लिहिले.

तेव्हा फोनवर मी ‘अरेरे’ म्हणून विषय बदलला होता. ती मुलगी चोवीसची होती आणि घरापासून लांब नोकरी करत होती, हे मला संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वाणाच्या डब्या मोजताना आठवलं.

आपल्याकडचं मंगळूर तर पुष्कळांना आठवत असेल. २२ मे २०१०, दुबईहून रात्री निघालेलं विमान पहाटे सहाच्या सुमाराला डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत पडलं. १६६ पैकी १५८ गेले. रेकॉर्डरवर सुरुवातीचा दीड तासाहून अधिक वेळ बोलणं नाही, कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे. सहवैमानिकानं पुन्हा वर घ्यायला सांगितलं होतं, एकदा नव्हे तीनदा. झोपेतून उठल्यावर माणूस जागा दिसतो पण बुद्धी अजून अंथरुणातच असते, त्या गुंगीकडे चौकशी समितीनं बोट दाखवलं. रात्री दोन ते सकाळी सहा हा काळ शरीराच्या घड्याळातला सगळ्यात खोल उतार. सासूबाई यातल्याच पहाटेला ब्राह्ममुहूर्त म्हणतात आणि त्यात उठतात. पण त्या नऊला झोपतात.

आजाराला निदान थर्मामीटर आहे. दारूला नळी आहे. थकव्याला काय? १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते. आपल्या मोटार कायद्यात त्याहून कमी, म्हणजे शंभर मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम, ही हद्द आहे. औषधातले दहा थेंबही माझ्या लेकीला चालत नाहीत. रात्रभर तळमळून तशीच गेली असती तर यंत्रानं शून्य दाखवून तिला आत सोडलं असतं. आणि थकलेल्या माणसाला आपण किती थकलोय ते कळत नाही. दमलेल्या मुलाला विचारा झोप आली का, डोळे चोळत नाही म्हणेल.

हल्लीच्या काळात नियम कडक झाले, हे खरं. जानेवारी २०२४ मध्ये आपल्याकडे वैमानिकांसाठी नवे नियम निघाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर. प्रत्यक्षात यायला कोर्टकचेऱ्या आणि पावणेदोन वर्षं लागली. जुलै २०२५ मध्ये अर्धे, १ नोव्हेंबरला उरलेले. आणि डिसेंबर उजाडला तेव्हा देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीकडे त्या हिशेबानं वैमानिक पुरत नव्हते. हजारो उड्डाणं रद्द झाली. मग कंपनीला तात्पुरती सूट मिळाली, आणि आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही अशी जी सूचना होती ती ५ डिसेंबरला मागे घेतली गेली. हे सगळं वैमानिकांचं. केबिन क्रूचे नियम वेगळे आहेत आणि त्यांच्यासाठी एवढी आरडाओरड कुणी केल्याचं मला तरी आठवत नाही.

आरडाओरडीवरून एक कबुली. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत इंदूरच्या विमानतळावर दिल्लीचं विमान धुक्यानं पाच तास लटकलं, आणि शेवटी काउंटरवरच्या मुलानं सांगितलं की क्रूची ड्युटीची वेळ संपली, दुसरा क्रू येईपर्यंत थांबावं लागेल. गर्दी उसळली. “आमची वेळ संपत नाही का, भिया?” असं एकजण ओरडला. मीही मागे नव्हते. नणंदेच्या घरचं लग्न होतं, हातात साड्यांची पिशवी होती. माझी स्वतःची मुलगी याच नोकरीत, आणि तरी त्या क्षणी ‘त्यांची वेळ संपली’ याचा अर्थ मला ‘त्यांना जायचं नाही’ असाच ऐकू आला.

‘सिक’, म्हणजे आजारी असल्याचं कळवणं, या शब्दालाही तीच शंका चिकटली आहे. आणि ती निव्वळ हवेतून आलेली नाही. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्सप्रेसचे पुष्कळ केबिन क्रू एकाच वेळी आजारी पडले, उड्डाणं रद्द झाली, काहींना काढलं, दुसऱ्याच दिवशी समझोता होऊन परत घेतलं. संपाला दुसरा शब्द मिळाला नाही की माणसं आजारी पडतात, हे कामगारवस्तीत कुणालाही ठाऊक असतं. पण त्यामुळे खरोखर कान दुखणारी मुलगी फोन उचलते तेव्हा ती आधीच आरोपी असते. शिवाय उडाल्याच्या तासांवर भत्ता. महिन्याला दोन सिक झाले की ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांचा सूर बदलतो, असं तिच्या खोलीतली मुलगी म्हणते.

हळदीकुंकू झालं. लेकीनं मास्क लावून वाण दिलं, बायकांनी ‘बारीक झालीस गं’ म्हणून घेतलं. आठ वाजता बॅग भरून बाहेरच्या खोलीत ठेवली होती. युनिफॉर्म इस्त्री करून मुंबईत लटकत होता. मी पोळीचे तुकडे डब्यात भरत होते आणि ती बाल्कनीच्या दारात उभी राहून नाक दाबत होती. पुन्हा. पुन्हा. मग फोन लावला. पाठ माझ्याकडे होती. इंग्रजीत नाव, स्टाफ नंबर, आणि “आय ॲम रिपोर्टिंग सिक.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. “नाही, बेसवर नाही. इंदूर.” थोडी शांतता. “हो, मला कल्पना आहे.” आणखी शांतता. “ओके.” फोन ठेवून ती वळली तेव्हा चोरी पकडल्यासारखा चेहरा होता. मी डबा तसाच ओट्यावर ठेवला.

पुढचं थोडक्यात. सकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानात दुर्बीण घालून पाहिलं, पडदा लाल आणि आत ओढलेला आहे म्हणाले, आठवडाभर विमान नाही. प्रवासी म्हणूनही नाही. चार दिवसांनी आमची आकाशातली पोरगी अवंतिका एक्सप्रेसच्या साइड अप्परवर मुंबईला गेली. ‘किती वर्षांनी ट्रेनमध्ये बसले, मस्त झोप लागली,’ असा मेसेज वडोदऱ्याहून आला.

तिनं फोन केला त्या रात्री मात्र मला धड झोप लागली नाही. पावणेपाचला आपोआप जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. सासूबाई उठून, अंघोळ आटोपून चहाचं आधण ठेवत होत्या.

“हिला कामावर जायची हीच वेळ होती ना?”

“हो.”

“मग आज तिथं जागा रिकामीच?”

मी म्हटलं, रिकामी कशी राहील, काहीजणी स्टँडबायवर असतात. युनिफॉर्म तयार ठेवून घरी किंवा विमानतळावर बसून राहायचं. कुणी आलं नाही की त्यातल्या एकीला बोलावतात.

“म्हणजे बदली,” सासूबाई म्हणाल्या.

हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. माझे सासरे, दादा, इथल्या एका कापड मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. परदेशीपुऱ्यातल्या घरात भोंग्यावर घड्याळ लावायचे. दादांच्या उजव्या भुवईवर एक खोक होती. धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा तो टोकदार तुकडा, उडून लागला होता, डोळा थोडक्यात वाचला. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे तुटून गुंतले की धोटा साच्यातून सुटून गोळीसारखा येतो. ते धागे कामगारानं वेळेत पाहायचे असतात. दादा ही गोष्ट नेहमी बिजासन मातेच्या कृपेवर संपवायचे, आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलची झांकी, म्हणजे चित्ररथ, पाहायला जाताना नातवंडांना ती खोक हात लावून पाहू द्यायचे.

“त्या रात्री ताप होता त्यांना,” सासूबाई आधणाकडे पाहत म्हणाल्या. “नको म्हणत होते. फाटकाशी बदलीवाले रोज उभे असायचे, एक पाळी गेली की तेवढे पैसे दुसऱ्याचे. महिनाअखेर होती. मीच म्हटलं, जाऊन या, साधा तर ताप आहे.”

एवढं बोलून त्यांनी आलं किसायला घेतलं. चाळीस वर्षांत हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दादांनीही कधी सांगितलं नव्हतं. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी कप विसळले.

बाहेर अजून अंधार होता. आम्ही आता एरोड्रम रोडजवळ राहतो, पहिलं विमान घरावरून गेलं की कपाटातली भांडी किणकिणतात. तशी ती किणकिणली. आतल्या खोलीत लेक तोंड उघडं टाकून, घोरत झोपली होती. सासूबाईंनी आवाज विरेपर्यंत वर पाहिलं आणि चहा गाळता गाळता मला विचारलं,

“हिच्या जागी जी गेली, तिला बरं आहे ना पण?”